दवाखान्याचे कागद: आपल्या हातात कसे घ्यायचे, गावाच्या तोंडी जाण्यापासून कसे वाचवायचे

आपल्या इकडं दवाखान्यात एक उलटंच चालते. पेशंट स्वतः काउंटरवर जाऊन म्हणाला की साहेब माझ्या फाईलची झेरॉक्स द्या, तर आतून आवाज येते, "ते कॉन्फिडेन्शियल असते, बाहेर देता येत नाही." अन् त्याच पेशंटचा साळा संध्याकाळी पानठेल्यावर त्याच दवाखान्याच्या माणसाला विचारते, काय निघालं हो भाऊजीच्या रिपोर्टात, तर तो चुना मळता मळता सगळं सांगून टाकते. कायद्यात हे बरोबर याच्या उलट लिहून आहे. पेशंटपासून लपवायचं काही नाही, बाकीच्यांपासून लपवायचं.

मी इकडं लोकांचे अर्ज लिहून देतो, सातबारा-फेरफारापासून तर निराधारपर्यंत, अन् हल्ली त्यात दवाखान्याचे अर्जही यायला लागले. कोणाला विम्यासाठी फाईल पायजे, कोणाची पोरगी सासरी नांदून राहिली अन् तिचा रिपोर्ट इकडं गावभर झाला. म्हणून जे कामाचं आहे ते एका जागी लिहून ठेवतो.

आधी फाईल मिळवा

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत, ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागू. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणून आजही २००२ वालेच धरायचे. त्यात नियम १.३.१ म्हणते की भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळून ठेवायचे. अन् १.३.२ म्हणते की पेशंटने, त्याने नेमलेल्या माणसाने किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने मागितले तर मागणीची पोच द्यायची अन् ७२ तासांत कागद द्यायचे. ७२ तास म्हणजे तीन दिवस, "पुढच्या सोमवारी या" नाही.

कोणी गुप्ततेचं कारण सांगितलं तर मुंबई हायकोर्टाचा १९९६ चा निकाल आहे, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. त्यात कोर्टाने साफ सांगितलं की पेशंटने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर दवाखान्याला गुप्ततेचं नाव सांगून नाही म्हणता येत नाही. या निकालाचं नाव अर्जात टाकलं की काउंटरवरचा माणूस निदान आत जाऊन डॉक्टरला विचारून तरी येते, एवढा फरक पडते.

ते ३ वर्षांचं मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडं लोक विम्याचं किंवा कोर्टाचं काम निघालं की मग फाईल शोधायला जातात, तोवर चार-पाच वर्षं होऊन जातात अन् दवाखाना म्हणते रद्दीत गेली, अन् तेव्हा तो खरंच नियमात असते. म्हणून सुट्टी होते त्याच आठवड्यात अर्ज टाका. ओपीडीची चिठ्ठी तर तुमच्याच जवळ असते, ती औषध संपल्यावर चुलीजवळच्या खिळ्याला टोचून ठेवू नका, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

अर्ज असा लिहायचा, मी असाच लिहितो:

प्रति, वैद्यकीय अधीक्षक / मुख्य डॉक्टर, (दवाखान्याचं नाव, गाव).
विषय: माझ्या उपचाराच्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मिळण्याबाबत.
महोदय, मी आपल्या दवाखान्यात दि. ____ ते दि. ____ भरती होतो/होते. भरती क्रमांक ____. व्यावसायिक आचारसंहिता नियम २००२ मधील नियम १.३.२ नुसार माझे केसपेपर, नर्सिंग चार्ट, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, मी सही केलेली संमतीपत्रे, डिस्चार्ज कार्ड व बिले यांच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास मी तयार आहे. माझ्या आजाराची कोणतीही माहिती माझ्या लेखी परवानगीशिवाय इतर कोणालाही, नातेवाइकांनासुद्धा, देऊ नये.

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकतो. एरवी कोणी ते तोंडी बोलले तर कर्मचाऱ्याला राग येते, कागदावर असलं की तो गपचूप फाईलला लागते अन् उद्या काही झालं तर "मला कोणी सांगितलंच नव्हतं" म्हणायला जागा राहात नाही.

दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का, तारीख अन् सही घ्या. पोच द्यायला नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, ७२ तास ते पोचल्यापासून मोजा. "आधी बिल पूर्ण करा मग फाईल" हे खाजगीत लय चालते. बाकी बिलासाठी दवाखान्याने वसुलीचा रस्ता धरावा, पण ७२ तासांच्या नियमात बिलाची अट कुठं लिहून नाही.

पेशंट स्वतः जाऊ शकत नसेल तर एका साध्या कागदावर "माझ्या वतीने अमक्याला प्रती द्याव्या" असं लिहून सही किंवा अंगठा अन् ओळखपत्राची झेरॉक्स पुरे. लहान लेकराचं आई-बाप मागू शकतात. पेशंट वारला असेल तर वारस, मृत्यूचा दाखला सोबत लावून.

सरकारी दवाखाना असेल, ग्रामीण रुग्णालय, सिव्हिल, नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, तर वरचाच अर्ज चालते, अन् नाहीच जमलं तर माहिती अधिकार आहेच. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही, ३० दिवसांत उत्तर, अन् नाही दिलं तर तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. त्यात "मी स्वतः पेशंट आहे, माझी स्वतःची माहिती मागत आहे" हे ठळक लिहा अन् ओळखपत्र लावा, नाही तर वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळतात. दुसऱ्याची फाईल माहिती अधिकारात काढून त्याला बदनाम करू पाहणारे पण आपल्याकडं आहेत, विशेषतः ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या टायमाला, त्यांचे अर्ज याच कारणाने फेटाळले जातात अन् ते बरोबरच आहे.

तुम्हाला न विचारता कोणाला कळू शकते

२००२ च्या त्याच नियमांत ७.१४ आहे, हा सगळ्यात कामाचा. डॉक्टरला पेशंटचं जे काही कळलं ते त्याने फोडायचं नाही, तीन प्रसंग सोडून: कोर्टात न्यायाधीशाने हुकूम केला तर, एखाद्या ठराविक माणसाला किंवा समाजाला खराखुरा गंभीर धोका असेल तर, अन् सरकारला कळवायचा आजार असेल तर. अन् ७.१७ मध्ये आहे की पेशंटची ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही.

टीबी हा २०१२ पासून सरकारला कळवायचा आजार आहे, खाजगी डॉक्टरलाही ते बंधनकारक आहे, म्हणून तुमचं नाव निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबीच्या ऑनलाईन नोंदीत, चढलं तर डॉक्टरने गद्दारी केली असं समजू नका, पोषणाचे पैसेही त्याच नोंदीवर खात्यात येतात. पण सरकारला कळवणं म्हणजे सरपंचाला कळवणं नाही. टीबीवाल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर किंवा ग्रुपवर टाकायला कोणत्याही नियमाने परवानगी नाही.

विषबाधा, जळणं, ॲक्सिडेंट, मारहाण अशी केस आली की दवाखाना पोलिसांना कळवतेच, ती त्यांची ड्युटी आहे. फवारणीत विष चढलेल्या मजुराची पण केस अशीच होते, त्यात घाबरायसारखं काही नाही. पोलिसांना नंतर पूर्ण फाईल पायजे असेल तर ते लेखी मागतात. विमा कंपनीचा तपासणी करणारा माणूस मात्र पोलीस नाही. तो मोटरसायकलवर येते, गळ्यात कार्ड असते, बोलणं साहेबासारखं असते अन् दवाखान्यातले लोक त्याला फाईल उघडून दाखवतात. त्याच्याजवळ पेशंटची किंवा वारसाची लेखी संमती आहे का हे आधी पाहायला पायजे. अन् तुम्ही क्लेमच्या फॉर्मवर सही करता तेव्हा खाली बारीक अक्षरात ती संमती बरेचदा लिहून असते, म्हणून सही करायच्या आधी कोणाला तरी वाचायला लावा.

महात्मा फुले योजनेत आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस, कागद स्कॅन करते, फोटो काढते, ते मंजुरीसाठी लागते, त्यात वावगं काही नाही. पण तो फोटो त्याने स्वतःच्या मोबाईलवर काढून ठेवला असेल तर मंजुरी झाल्यावर डिलीट करायला सांगा, अन् ऐकत नसेल तर योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे.

नवरा, सासू, भाऊ यांना सांगायचं का? पेशंट अठरा वर्षांच्या वरचा अन् शुद्धीवर असेल तर त्याला विचारून. आपल्याकडं डॉक्टर बाईमाणसाला बाहेर बसवते अन् रिपोर्ट नवऱ्याला समजावून सांगते, चांगल्या मनानेच करते, पण कायद्याच्या हिशेबाने पेशंट ती आहे. ताई, तुम्हीच म्हणा, "डॉक्टरसाहेब, आधी मले सांगा, मग मी ठरवतो कोणाले सांगायचं ते."

कागद कुठून फुटतात

हॅकर-बिकर लांब राहिले. तालुक्याच्या गावातली कोणतीही लॅब पाहा. काउंटरवर एक निळा प्लास्टिकचा ट्रे, त्यात दिवसभराचे रिपोर्ट उभे लावलेले, प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात नाव, गाव अन् कोणती टेस्ट ते स्केचपेनने लिहिलेलं. ज्याला आपला पायजे तो स्वतःच ट्रे चाळते. शोधता शोधता शेजारच्या गावच्या दहा जणांचं काय काय चालू आहे हे त्याला कळते. बरं, आपण गावाकडून आलोच आहो तर शेजारणीचा रिपोर्ट पण घेऊन जाऊ, लॅबवालाही देते, "काकू, हा तुमच्याच गावचा दिसते, देऊन द्याल काय?" काकू उघडा कागद पिशवीत टाकते, एसटीत वाचते, अन् घरी पोचेपर्यंत निम्मा गाव सोबतच असते.

यावर उपाय साधाच आहे. सॅम्पल देतानाच सांगा की रिपोर्ट बंद पाकिटात ठेवा, मी किंवा अमका पावती दाखवल्याशिवाय कोणाला देऊ नका. व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर स्वतःचा नंबर द्या. घरात एकच फोन असेल अन् तो पोराजवळ राहात असेल तर व्हॉट्सॲपच्या भानगडीत पडू नका, कागदच घ्या. गावच्या मेडिकलवाल्याच्या नंबरवर रिपोर्ट मागवायची लय सवय आहे आपल्याला, ती सोडा.

आता सिकलसेल, आई-बापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून इकडं यवतमाळपर्यंत हा आपल्या मातीतलाच प्रश्न आहे. २०२३ च्या १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, तेव्हापासून शाळेत, आश्रमशाळेत, गावात तपासणी होऊन राहिली अन् कार्ड वाटणं चालू आहे. तपासणी कराच, लग्नाआधी दोन्हीकडचं कार्ड पाहणं चांगलंच आहे, कारण दोघंही वाहक (स्वतः आजारी नाही, पण दोष लेकरात जाऊ शकते असे) असले तर प्रत्येक लेकराला आजार होण्याची शक्यता २५ टक्के राहते. पण कार्ड पाहायचं ते मुलीने-मुलाने स्वतः दाखवलं तर. शाळेत सगळ्या पोरांपुढं नाव पुकारून कार्ड वाटणं, किंवा आशाताईच्या रजिस्टरमधून सोयरिकीसाठी "पोरगी साफ आहे ना" विचारून घेणं, हे चूक आहे. वाहक म्हणजे आजारी नाही, हे लोकांना समजत नाही अन् पोरीचं लग्न मोडते, पोराला कोणी विचारत पण नाही. शाळेत शिबिर असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना अन् टीमला आधीच लिहून द्यावं की रिपोर्ट बंद पाकिटात, पालकाच्या हातात द्या. ज्याला खरा आजार आहे त्याला मात्र काही ठिकाणी कागद दाखवावा लागतेच, एसटीच्या सवलतीसाठी कंडक्टरला, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोर्डाला. तिथं तेवढंच दाखवा, फाईल उलगडू नका.

आशाताईबद्दल एक सांगतो. तिच्यावर टार्गेट असते, चार-चार रजिस्टर, ॲप वेगळं, अन् वरून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नावं वाचायला लावतात. ती बोलली तर चूकच, पण तिला एकटीला धारेवर धरण्यापेक्षा पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्या, यादी अशी का वाचली जाते म्हणून.

जिथं कायदा जास्त कडक आहे

एचआयव्हीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. टेस्टच्या आधी संमती लागते अन् कलम ८ प्रमाणे कोणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही, अन् कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणालाही स्वतःची स्थिती सांगायची जबरदस्ती करता येत नाही. जोडीदाराला सांगण्यासाठी डॉक्टरला मोकळीक आहे, पण आधी पेशंटला समुपदेशन करायचं, मी सांगणार आहे हे त्याला कळवायचं, अन् बाईला मारहाणीचा धोका असेल तर तेही पाहायचं. पलंगावर किंवा फाईलवर लाल अक्षरात लिहून ठेवणं याला कोणतीच माफी नाही. या कायद्याच्या तक्रारीसाठी राज्याने नेमलेला लोकपाल असते, त्याला ३० दिवसांत आदेश द्यावा लागते, अन् तातडीच्या उपचाराची बाब असली तर २४ तासांत.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५क आलं. बाईचं नाव-गाव डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कोणाला सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अन् सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागतच नाही, दवाखाने मागतात ते स्वतःच्या सोयीसाठी. पोरगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागते, पण सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे की मुलीने अन् पालकाने विनंती केली तर डॉक्टरने त्या कळवण्यात तिचं नाव द्यायची गरज नाही. अत्याचार झालेल्या बाईची ओळख फोडणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

मानसिक आजारासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गुप्ततेचं अन् कलम २५ स्वतःचे कागद मिळवण्याचं. नागपूरच्या मनोरुग्णालयात कोणी आठ दिवस राहून आला तरी गावात जन्मभराचं नाव पडते, म्हणून हे कलम माहीत पायजेच. फोटो किंवा माहिती संमतीशिवाय पेपरात, चॅनलवर देता येत नाही, ते कलम २४.

मोबाईलमधलं

आभा कार्ड, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खात्याचं कार्ड, १४ आकडी नंबरवालं, काढायलाच पायजे असं नाही, ऐच्छिक आहे, ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाही. काढलं असेल तर ॲपमध्ये कोणत्या दवाखान्याला किती दिवस पाहायची संमती दिली ते दिसते अन् तिथूनच ती काढून घेता येते. ओटीपी देताना विचारा कशाचा आहे म्हणून, शिबिरात रांगेत उभं करून पटापट ओटीपी घेतात अन् लोक देऊन टाकतात.

डिजिटल डेटाचा नवा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण दवाखाना-लॅबवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू होतात. डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटीपर्यंत आहे, ऐकायला लय भारी वाटते, पण तो दंड सरकारजमा होते, तुमच्या खिशात एक रुपया येत नाही. नुसत्या कागदावरच्या रजिस्टरला हा कायदा लागतच नाही, ते कॉम्प्युटरात चढवलं तरच लागते.

फुटलंच तर

पहिल्यांदा पुरावा. ग्रुपवर रिपोर्ट आला असेल तर कोणाच्या नंबरवरून, किती वाजता, कोणत्या ग्रुपवर हे दिसेल असा स्क्रीनशॉट काढा अन् मगच ॲडमिनला डिलीट करायला सांगा. रागाच्या भरात आधी भांडण झालं की तो डिलीट करून मोकळा होते अन् तुमच्याजवळ काहीच राहात नाही. हा स्क्रीनशॉट पण दहा जणांना दाखवत फिरू नका, त्यात तुमचाच रिपोर्ट आहे.

मग दवाखान्याला किंवा लॅबला लेखी तक्रार, पोच घेऊन. खाजगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी बंधनकारक आहे, ती लावली आहे का पाहा, नसेल तर तेही तक्रारीत लिहा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर दवाखान्याच्या नोंदणीच्या सर्टिफिकेटवर ज्या अधिकाऱ्याची सही आहे, सिव्हिल सर्जन किंवा डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), त्याच्याकडं. डॉक्टरने स्वतः फोडलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई, आयुर्वेद अन् होमिओपॅथीवाल्यांची कौन्सिल वेगळी आहे.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर माझ्या मते सगळ्यात कामाचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्यात विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला सांगणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे उपचारात चूक झाली हे सिद्ध करायची गरज नाही, माहिती फुटली हे दाखवलं की झालं. तुम्ही दिलेलं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही, अर्ज ऑनलाईनही होते, अन् नुकसानभरपाई तुम्हाला भेटते. सगळ्यांनाच फुकट असलेल्या सरकारी सेवेला हा रस्ता नाही, तिथं तक्रार खात्यातच वरपर्यंत न्यावी लागते. ग्राहक आयोगाची मुदत घटनेपासून दोन वर्षं, गावातल्या मोठ्या माणसांनी "जाऊ द्या, मिटवून घेऊ" करत करत ती निघून जाते, म्हणून मिटवायची बोलणी चालू असली तरी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा, बायांना अन् एससी-एसटीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट भेटते, जाताना अर्जाची पोच, स्पीड पोस्टाची पावती अन् तो स्क्रीनशॉट प्रिंट काढून सोबत न्या.